दोन उभ्या रेघा

"एक खूण, चाचा. एकच. दोन उभ्या रेघा. तेवढ्यानं तुमची भाषा बिघडणार आहे का?"

डोळ्यात औषध घालून, मान मागे टाकून चाचा खुर्चीत बसले होते.

"बोला ना."

"थेंब अजून आत जायचाय... थांब."

शार्दूल थांबला, पण त्याचे पाय थांबेनात. त्या पत्र्याच्या खोलीत तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिला.

खोली जिल्ह्याच्या लसभांडारामागे आहे. लोक तिला थट्टेनं चाचांचा मठ म्हणतात. दस्तगीर चाचा शिकलगार पूर्वी दवाखान्यांतले फ्रीज दुरुस्त करायचे. पुढं प्रत्येक आरोग्य केंद्रातल्या लसीच्या पेटीला एक छोटं यंत्र बसलं. पेटीत थंडी किती ठेवायची, घंटा कधी वाजवायची, फोन कुणाला करायचा, हे त्या यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगण्यासाठी चाचांनी एक भाषा तयार केली. तिचं नाव ठेवलं सांगावा.

सांगाव्यात शिकण्यासारखं फार काही नाही. एका पेटीच्या पाच ओळी. ठिकाण, पेटी, थंडी, घंटा, फोन. जे हवं ते साध्या मराठीत, तिथल्या तिथं, पूर्ण लिहायचं. केंद्रं एकशे चौसष्ट, म्हणून ओळी आठशे वीस. सगळ्या एकाच फाइलीत. लसीची गाडी ज्या रस्त्यानं जाते, त्या क्रमानं.

शार्दूल कर्णिक शहरातला. मोठ्या कंपनीत त्यानं हजारो यंत्रं सांभाळलेली. सहा महिन्यांपूर्वी ही फाइल नुसती बघायला म्हणून आला आणि राहिला. चाचांना तो आवडला. हात चलाख, डोकं हातापेक्षा चलाख, आणि जीभ डोक्याच्याही पुढे.

चाचांचा डावा डोळा गेलेलाच होता. सोमवारी उजव्याचं ऑपरेशन होतं. मग महिनाभर कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तोवर फाइल सांभाळायला शार्दूलशिवाय कुणी नव्हतं.

आणि शार्दूल कालच म्हणाला होता, "खूण घेतलीत तर राहतो. नाहीतर मला शहरातून बोलावणं आलंय. जातो." म्हणाला हसत हसत. पण गाडीचं तिकीट काढून ठेवलं होतं.

चाचांनी रुमालानं डोळा टिपला.

"हं. आता सांग."

"आठशे वीस ओळी, चाचा! त्यातल्या पाचशेच्या आसपास त्याच त्या. पेटी शीतपेटी. पेटी शीतपेटी. थंडी दोन ते आठ, दोन ते आठ, दोन ते आठ! लिहिणाऱ्याचा हात दुखतो आणि वाचणाऱ्याचे डोळे."

"माझे दुखतात खरे."

"तेच म्हणतोय मी! आपण रजिस्टरात काय करतो? वरचंच खाली असलं की दोन उभ्या रेघा मारतो. वरीलप्रमाणे. सगळ्या जगाला कळतं. मग यंत्राला का कळू नये?"

"कळेल की."

"कळतंय! मी शिकवलंय त्याला. काल एका बैठकीत. जेवलोसुद्धा नाही." शार्दूलनं पडदा चाचांकडे वळवला. "आठशे वीसच्या एकशे अडुसष्ट झाल्या. पहिल्या आडवलीच्या पाच ओळी पूर्ण. पुढं प्रत्येक केंद्राला एक ओळ. बस. बघा."

"मला धूसर दिसतं. वाच."

शार्दूल उभ्यानंच वाचू लागला.

"ठिकाण आडवली. पेटी शीतपेटी. थंडी दोन ते आठ. घंटा दोनच्या खाली, आठच्या वर. फोन सुमन सिस्टर. झालं. आता ऐका. तांबडमाळ, विमल सिस्टर, वरीलप्रमाणे. गव्हाळी, मंदा सिस्टर, वरीलप्रमाणे. चिंचोटी, शालन सिस्टर, वरीलप्रमाणे..."

चाचा डोळे मिटून ऐकत होते. दहाव्या-अकराव्या केंद्राला त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागली.

"आरतीसारखं चाललंय रे."

"थट्टा करताय."

"नाही. चाल आहे त्याला... सुरेख आहे."

शार्दूल वाचायचा थांबला. चाचांच्या तोंडून 'सुरेख' हा शब्द त्यानं सहा महिन्यांत ऐकला नव्हता.

"मग... खूण घ्यायची?"

पत्र्यावर एक कावळा उतरला, चालत कडेला गेला, उडाला.

"घेऊ," चाचा म्हणाले.

शार्दूलनं उडी मारली. हात पत्र्याला लागला, धाडकन आवाज झाला, भांडारातला कारकून खिडकीतून डोकावून गेला.

"चाचा! अहो, मी भांडणाच्या तयारीनं आलो होतो. दहा मुद्दे काढून आणले होते!"

"मग सांग ते."

"आता कशाला?"

"एवढे काढलेस तर. ऐकायला बरं वाटेल."

शार्दूलनं खिशातून कागद काढला आणि खरंच सांगू लागला. तिसऱ्या मुद्द्यावर असताना दार उघडलं.

"चाचा! आला ओ! आला!"

बोरखिंडच्या हौसा सिस्टर होत्या. वय पन्नाशीचं, पायात बूट, घाम निथळत होता. एसटीतून उतरून पळतच आल्या असाव्यात.

"कोण आला, हौसा?"

"डीप फ्रीझर! सात वर्षं मागत होते. काल टेम्पोतून उतरवला. चार माणसं लागली. सरपंच स्वतः हात लावायला आले, आणि फोटो काढून झाल्यावर हात काढून घेतला."

चाचा हसले. "बस. पाणी पी."

"पाणी कसलं पाजताय! आता माझा बर्फ मीच करणार. इतकी वर्षं लसीच्या डब्यात घालायला बर्फ त्या गोळेवाल्याकडून आणत होते. दर वेळी विचारायचा, सिस्टर, कुठला रंग घालू?"

शार्दूल जोरात हसला. आज त्याला सगळ्याचंच हसू येत होतं.

मठाचा एक रिवाज आहे. ज्या केंद्रात काही बदललं, त्या केंद्राच्या सिस्टरनं स्वतः यायचं आणि आपल्या ओळी आपल्या हातानं लिहायच्या. चाचा कुणाच्या ओळी लिहून देत नाहीत. पहिल्यांदा सगळ्या कुरकुरल्या. आता त्या आपापल्या पाच ओळींना 'माझ्या' म्हणतात.

"या सिस्टर, बसा," शार्दूलनं खुर्ची ओढून दिली. "आज तुम्ही भाग्यवान. आजपासून भाषेत नवी सोय आहे. ही बघा तुमची जुनी शीतपेटी. एका ओळीत आली."

हौसा सिस्टरनी चष्मा लावला. बोरखिंड, हौसा सिस्टर, आणि पुढं दोन उभ्या रेघा.

"अगंबाई. आणि माझ्या बाकीच्या ओळी कुठं गेल्या?"

"गेल्या नाहीत. वर आहेत."

"वर कुठं?"

"आडवलीला."

"आडवली माझ्यापासून साठ किलोमीटर हाय की ओ!"

"तसं नाही सिस्टर. यंत्र वर बघत जातं. तुमच्या वरच्याकडे रेघा, त्याच्या वरच्याकडे रेघा, असं करत पूर्ण ओळी सापडतील तिथं थांबतं. आणि तेच तुम्हाला लावतं."

"यंत्राला एवढं चालायला लावायचं? बिचारं," हौसा सिस्टर म्हणाल्या. "बरं, माझ्या फ्रीझरला पण रेघा मारू?"

"नाही, नाही. तो वेगळा आहे ना. त्याचं पूर्ण लिहा."

त्यांनी एका बोटानं लिहायला घेतलं. लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत होत्या. ठिकाण बोरखिंड. पेटी डीप फ्रीझर. थंडी उणे पंचवीस ते उणे पंधरा. घंटा उणे पंधराच्या वर. फोन हौसा सिस्टर.

"बघा. बरोबर?"

शार्दूलनं ओळ ओळ तपासली. "एकदम बरोबर."

"आणि माझ्या शीतपेटीच्या खालीच लिहिलंय. दोघं एकाच खोलीत हायेत. चालतंय ना?"

"तिथंच पाहिजे."

आता फळी राहिली.

फळी म्हणजे शाळेतला जुना काळा फळा. त्याच्यावर चाचांनी बारीक दिवे बसवले आहेत. एका पेटीला एक दिवा, गाडीच्या रस्त्याच्या क्रमानं. कुठलीही फाइल खऱ्या यंत्रांकडे जाण्याआधी या फळीवर चालवून बघायची. पेटीत दोन ते आठ थंडी राहणार असेल तर हिरवा दिवा. शून्याच्या खाली जाणार असेल तर निळा. आजवर फळीवर निळा दिवा कधी लागलाच नव्हता, कारण एकाही केंद्रात डीप फ्रीझर नव्हता.

शार्दूलनं बोरखिंडच्या दिव्याशेजारी एक भोक पाडलं आणि नवा दिवा बसवला. हात घाईत होते. हौसा सिस्टर पदर सावरून फळीपुढे उभ्या राहिल्या, जणू फोटो काढायचा होता.

"बटण तुम्ही दाबा सिस्टर. पहिला निळा दिवा तुमचा."

"मी दाबू?"

"दाब," चाचा म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं.

आडवली हिरवा. तांबडमाळ हिरवा. गव्हाळी, चिंचोटी, दिवे एकामागून एक लागत निघाले, गाडी गावं घेत जाते तसे. पहिली रांग भरली. दुसरी भरली. शार्दूल पुटपुटत होता, "एकशे त्र्याहत्तर ओळींत... बघा चाचा, फ्रीझर धरून एकशे त्र्याहत्तर ओळींत..."

बोरखिंड हिरवा.

त्याच्या शेजारचा निळा.

"माझा!" हौसा सिस्टर ओरडल्या.

मग कातळवाडी. निळा.

सोनघर. निळा.

पिंपळद निळा, आंबेखोल निळा, आणि मग दिवे पळतच सुटले. रांगच्या रांग निळी होत गेली. थेट फळीच्या तळापर्यंत. खोलीच्या पत्र्यावर निळा उजेड पडला.

हौसा सिस्टरनी टाळ्या वाजवल्या.

"अय्या, किती छान दिसतंय ओ! चाचा, दिवाळीच केली की तुम्ही!"

शार्दूलच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला, तो त्यानं उचलला नाही.

"बंद करा," तो म्हणाला.

त्यानं स्वतःच पुढं होऊन बटण मारलं.

"असू द्या की थोडा वेळ," हौसा सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं ओ?"

"तुमच्या खाली बासष्ट केंद्रं आहेत."

"हायेत की."

"सगळी म्हणतात वरीलप्रमाणे. कातळवाडीच्या वर आता..."

हौसा सिस्टर फळीकडे बघत राहिल्या. त्यांना कळायला वेळ लागला, पण कळलं तेव्हा पूर्ण कळलं.

"म्हणजे कातळवाडीच्या रेखाची लस गोठली असती?"

"घंटा वाजली असती ना," शार्दूल घाईनं म्हणाला. "घंटा वाजल्यावर त्यांनी..."

तो थांबला.

"नाही. घंटापण वरीलप्रमाणेच."

"गोठलेली लस कामाची राहत नाही, पण वितळली की दिसायला तशीच दिसते," हौसा सिस्टर हळू म्हणाल्या. "आया बाळं घेऊन आल्या असत्या. आम्ही टोचलं असतं. कार्डावर खूण केली असती, टोचलं म्हणून... बासष्ट गावांत."

"खऱ्या यंत्रांकडे काही गेलेलं नाही सिस्टर. ही नुसती फळी आहे."

"व्हय. पण माझं काय चुकलं ते सांगा."

"तुमचं?"

"मीच लिहिलं ना आत्ता? मी येण्याआधी नीट होतं. मी लिहिलं आणि बिघडलं. काय चुकलं ते दाखवा, म्हणजे पुन्हा नाही करणार."

शार्दूल पडद्याकडे वळला. पाच ओळी पुन्हा वाचल्या. काना-मात्रासुद्धा चुकला नव्हता.

"तुमचं काही चुकलेलं नाही."

"मग चुकलं कुणाचं?"

शार्दूलनं चाचांकडे पाहिलं. चाचा रुमालाची घडी घालत होते.

"नियम करू," शार्दूल एकदम म्हणाला. आवाज पुन्हा चढला. "एक साधा नियम. नवीन पेटी नेहमी फाइलीच्या शेवटी लिहायची. मग खाली कुणीच नाही, कुणाचं काही बिघडणार नाही!"

"आणि गाडीवाला?" हौसा सिस्टर म्हणाल्या. "तो ह्याच कागदावर बघत गावं घेत जातो. बोरखिंडची एक पेटी मध्ये, एक शेवटच्या गावानंतर. मला तो परत येताना शोधणार का?"

"बरं. मग मध्येच लिहा. पण मध्ये लिहिलं तर खालच्या पहिल्या केंद्राच्या रेघा पुसायच्या आणि तिथं पूर्ण ओळी घालायच्या."

"म्हणजे मी माझं लिहायला यायचं आणि रेखाचं पण लिहायचं?"

"फक्त एकाच केंद्राचं, सिस्टर."

"तिची पेटी कशी हाय, मला काय ठाऊक? तिनं घंटा कितीवर लावलीय, मला काय ठाऊक? आणि मी लिहून गेले हे तिला कोण सांगणार?"

"मी सांगेन!"

"तुम्ही शहरात चाललाय म्हणं."

ही बातमी बोरखिंडपर्यंत गेली होती. चाचांनी मान खाली घातली. हसत होते की काय, दिसलं नाही.

शार्दूल पुन्हा चालू लागला. दाराशी गेला, परत आला. एकदम टाळी वाजवली.

"वरचं नकोच! नावानं घेऊ! रेघांच्या पुढं गावाचं नाव. 'आडवलीप्रमाणे'. मग मध्ये कुणीही काहीही लिहा, बिघडणार नाही. चाचा! कसं सुचलं नाही मला? किती सोपं आहे!"

"आणि सुमननं आडवलीची पेटी बदलली तर?" हौसा सिस्टरनी विचारलं. आता त्यांनाही चेव आला होता.

"तर... तर मूळ एक वेगळंच ठेवू. कुठल्याच गावाचं नाही असं. त्यावरून सगळ्यांनी घ्यायचं. आणि ज्याला थोडं वेगळं हवं त्यानं त्यातलं तेवढंच बदलायचं, त्यासाठी एक बारीक खूण. फुली समजा. आणि बदललेलंही पुढच्याला घेता यावं म्हणून..."

त्यानं पेन्सिल उचलली. भराभर लिहू लागला. दोन रेघा, फुली, बाण. डोळे चमकत होते.

चाचा उठले. चाचपडत भिंतीच्या कपाटापाशी गेले, खालचा खण उघडला, बराच वेळ शोधून एक पिवळा पडलेला कागद काढला. शार्दूलच्या कागदाशेजारी ठेवला.

शार्दूलनं नुसती नजर टाकली. मग पेन्सिल खाली ठेवली. मग कागद उजेडात धरला.

"हे काय आहे?"

"सांगावाच. जुना."

"किती केंद्रं होती तेव्हा?"

"साठ."

"साठ केंद्रं... आणि ओळी एकोणीस?" त्यानं पुन्हा मोजल्या. "चाचा, इथं फुली आहे. इथं बाण. आणि हे काय, कंसात कंस? अहो, ही सातवी ओळ बघा, ही स्वतःलाच पुन्हा बोलावतेय! हे... हे अफाट आहे! माझ्या कंपनीत असं लिहिणारा माणूस नव्हता. कुणी लिहिलं हे?"

"मी. अठरा वर्षं झाली."

"तुम्ही!"

"तीन रात्री झोपलो नव्हतो. फार मजा आली होती."

शार्दूलनं कागद पुन्हा वरून खाली वाचला. बोट ओळीवरून फिरत होतं. बाराव्या ओळीवर थांबलं, मागं गेलं, पुन्हा थांबलं.

"ही बारावी. हा बाण फुलीच्या आधी लागतो की नंतर? आधी लागला तर चार केंद्रांची थंडी वेगळी येते. काय अर्थ आहे याचा?"

"मला ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"मला कशाला विचारतोस? ज्यानं लिहिलं त्याला येत होतं."

"तुम्हीच लिहिलंय ना, चाचा!"

"होय," चाचा म्हणाले. "तेव्हा मी फार हुशार होतो."

हौसा सिस्टरना पहिल्यांदा हसू फुटलं. पदर तोंडाला लावला तरी आवरेना. शार्दूलनं त्यांच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बाणांच्या कागदाकडे. आणि तोही हसू लागला. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मग खुर्चीत बसून पोट धरून. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं होतं की कशाचं, त्यालाच माहीत.

मग हसू ओसरलं.

पडद्यावर त्याची रेघांची फाइल अजून उघडी होती. खालीवर करत तो ती बघत राहिला. पुष्कळ वेळ. हौसा सिस्टरनी मधल्या वेळात पाणी प्यायलं, बुटाची नाडी बांधली.

"सिस्टर," तो म्हणाला, "तुम्हाला तुमच्या पाच ओळी लिहायला किती वेळ लागतो?"

"एका बोटानं? सात-आठ मिनिटं."

"कंटाळा येतो?"

"कसला? माझ्याच तर हायेत. काही बदललं तरच लिहायच्या." त्या थोडं थांबल्या. "आणि वाचल्या की कळतं ओ, आपल्या खोलीत काय चाललंय. त्या रेघा वाचून मला काही कळलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

शार्दूलनं मान हलवली.

"कंटाळा मला येत होता," तो म्हणाला. "एकशे चौसष्टच्या एकशे चौसष्ट मी एकटाच बघतो ना."

आणि बोलता बोलता तो ताठ बसला.

"पण मग... कंटाळा माझा आहे, तर खूणही माझ्याकडेच राहू दे! चाचा, ऐका. मला भराभर लिहायचं असेल तर मी माझ्या कॉम्प्युटरात दोन रेघा मारीन. त्याच्याकडून पाच-पाच ओळी पूर्ण लिहून घेईन. मग एकेक वाचीन. आणि फाइलीत जाईल ते पूर्णच. सांगाव्याला रेघ कधी दिसणारच नाही! भाषेला काही शिकवायचंच नाही!"

चाचांनी 'हं' केलं.

शार्दूल कामाला लागला. बोटं दिसेनात इतक्या वेगानं. अर्ध्या तासात फाइल पुन्हा उघडली. कातळवाडीखाली कातळवाडीच्या पाच ओळी, सोनघरखाली सोनघरच्या. हौसा सिस्टरना त्यानं त्यांच्या दोन्ही पेट्यांच्या ओळी वाचायला लावल्या, आणि कातळवाडीच्याही. "माझ्या बरोबर हायेत," त्या म्हणाल्या. "रेखाच्या रेखाला विचारा." त्यानं तिथूनच रेखा सिस्टरला फोन लावला आणि पाचही ओळी वाचून दाखवल्या.

मग त्यानं भाषेला शिकवलेल्या दोन रेघा काढून टाकल्या. काढताना क्षणभर बोट थांबलं.

"दाबा सिस्टर."

हौसा सिस्टरनी या वेळी घाबरत घाबरत दाबलं. दिवे लागत गेले. हिरवे, हिरवे, बोरखिंडला एक निळा, आणि कातळवाडी... हिरवा. सोनघर हिरवा. तिघंही श्वास रोखून बघत होते. एका डोळ्यानं धूसर बघणारे चाचासुद्धा फळीला नाक लावून उभे होते. शेवटच्या गावाचा दिवा हिरवा लागला तेव्हा शार्दूलनं अशी आरोळी ठोकली की भांडारातला कारकून या वेळी धावतच आला.

"दिवाळी कमी झाली," हौसा सिस्टर म्हणाल्या, आणि साडेबाराची एसटी गाठायला निघाल्या. दारातून वळून शार्दूलला म्हणाल्या, "फ्रीझर बघायला या. सरपंचांना सांगू नका, परत फोटो काढतील."

खोलीत दोघंच राहिले.

"सोमवारी फाइल तू पाठव," चाचा म्हणाले.

"मी?"

"माझा डोळा बांधलेला असेल."

शार्दूलनं खिशात हात घातला, तिकीट काढलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, रेखा सिस्टर, कातळवाडी, सोमवारी पुन्हा फोन. आणि ते पडद्याच्या कडेला चिकटवलं.

मग चाचांच्या पायाशी जमिनीवर बसला.

"चाचा, हे सगळं तुम्ही अठरा वर्षांपूर्वी करून बसला होतात."

"होय."

"मी वाचायला लागलो तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं, काय होणार ते."

"होय."

"मग लगेच 'नाही' म्हणायचं होतं. 'घेऊ' का म्हणालात?"

चाचांनी हात पुढं केला. चाचपडत त्याच्या डोक्यावर ठेवला... बराच वेळ तसाच राहू दिला.

"तू फार आनंदात होतास, बाळ."